पर्वतीच्या पायथ्याची मोकळी जागा

शहराचा इतिहास सांगताना वाडे, देवळे, वेशी आणि लढाया यांची नोंद आवर्जून केली जाते; बागेला मात्र त्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही. अमुक सरदाराने अमुक ठिकाणी बाग लावली, एवढे एक वाक्य लिहून बखरकार पुढच्या मोहिमेकडे वळतो. वास्तविक पाहता नगराच्या प्रकृतीची परीक्षा त्याच्या मोकळ्या जागांवरून जितकी चांगली होते तितकी त्याच्या इमारतींवरून होत नाही. इमारत ज्याची त्याची असते. मोकळी जागा कोणाची, तिच्यात कोणी यावे, कोणी बसावे आणि तिच्यातले पाणी कोठे जावे, या प्रश्नांची उत्तरे मात्र साऱ्या गावाने मिळून द्यावी लागतात. पुण्याने ती उत्तरे गेल्या पावणेतीनशे वर्षांत कशी दिली हे ज्यास पाहावयाचे असेल, त्यास पर्वतीच्या पायथ्याइतके सोयीचे दुसरे ठिकाण नाही.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून जाणारा मनुष्य वर पोहोचला म्हणजे क्षणभर विसाव्यास थांबतो आणि शहराकडे तोंड करून उभा राहतो. खाली घरांची आणि रस्त्यांची दाटी पसरलेली दिसते. त्या दाटीत, अगदी पायथ्याशी, एक हिरवा तुकडा नजरेस पडतो. सारसबाग व पेशवे उद्यान ते हेच. जवळच बाबूराव सणस क्रीडांगण आहे, नेहरू स्टेडियम आहे, आणि पलीकडे स्वारगेटची गर्दी आहे. सायंकाळी या भागात फिरावयास, खेळावयास आणि नुसती बसावयास जेवढी माणसे येतात, तेवढी जुन्या पुण्यात क्वचितच दुसरीकडे जमत असतील. परंतु ज्या ठिकाणी आज मुले हिरवळीवर लोळतात, ते ठिकाण पेशवाईत कोरडी जमीन नव्हते. तेथे तळे होते.

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनी इ. स. १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. त्याच सुमारास कात्रजच्या डोंगरात बांध घालून पाणी अडवावे आणि ते जमिनीखालच्या पक्क्या बांधणीच्या नळाने शहरातील हौदांत आणून सोडावे, हे मोठे काम त्यांनी हाती घेतले. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबील ओढा त्या काळी शहराच्या अंगाने वाहून मुठेस मिळत असे. पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळविला आणि पर्वतीखाली बंधारा घालून सुमारे २५ एकरांचे तळे तयार केले. ओढा दूर गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या बाजूस पुढे पेठांची वस्ती वाढली. एका ओढ्याच्या पाण्याने शहरास तळे दिले आणि त्याच्या टाकलेल्या पात्राने शहरास जागा दिली. पुण्याच्या नगररचनेतील हा फार मोठा निर्णय होय. आणि ओढ्याने तो मनापासून मान्य केला होता की नाही, हे पुढे दिसून येईलच.

या तळ्याविषयी दोन गोष्टी पुण्यात परंपरेने सांगितल्या जातात. पहिली अशी की, तळ्याचे काम मंद गतीने चालले आहे असे पाहून नानासाहेब हत्तीवरून खाली उतरले आणि स्वतः दगड उचलून बांधावर टाकू लागले. श्रीमंतांनी दगड उचलल्यावर बरोबरचे सरदार व कारकून हात बांधून कसे उभे राहणार? सर्वांनी कमरा कसल्या आणि काम झपाट्याने पुरे झाले. दुसरी गोष्ट तळे भरल्यानंतरची आहे. राजकारणाची गुप्त खलबते करावयाची असली म्हणजे पेशवे नावेत बसून तळ्याच्या मध्यावर जात, आणि नाव वल्हविण्यासाठी मराठी न समजणारे हबशी ठेवलेले असत, म्हणजे गोष्ट फुटण्याची भीती नसे. या आख्यायिकांचा अक्षर न् अक्षर खरा आहे की नाही, हा वाद बाजूस ठेवला तरी त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. तळे बांधताना ते साऱ्यांचे काम होते. तळे झाल्यावर त्याचा उपभोग मात्र श्रीमंतांचा होता.

तळ्याच्या मध्यभागी एक उंचवटा तसाच राखून बेटासारखा ठेवण्यात आला होता. त्यावर बाग झाली आणि तिला सारसबाग हे नाव पडले. इ. स. १७८४ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, या बेटावर श्रीगजाननाची स्थापना झाली. सवाई माधवरावांचे वय त्या वेळी अवघे दहा वर्षांचे होते, आणि राज्याचा भार नाना फडणविसांच्या शिरावर होता. चोहोंकडे पाणी आणि मध्ये देव, म्हणून लोक त्यास तळ्यातला गणपती म्हणू लागले.

याच परिसरात पेशव्यांचा शिकारखाना होता. त्या काळी शिकारखाना म्हणजे वन्य प्राणी पाळण्याची जागा. तरुण पेशव्यास पशुपक्ष्यांचा मोठा नाद होता. वाद्याच्या तालावर पावले टाकण्यास शिकविलेली हरणे त्याच्या पदरी होती, असे त्या वेळच्या इंग्रज पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे. या संग्रहाचा एक उत्तम पुरावा आजही उपलब्ध आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे काम करणारा पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट याने इ. स. १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. ते कागदावरील चित्र सध्या अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. ज्या गावच्या माणसांनी गेंडा डोळ्यांनी पाहिला, त्या गावच्याच एका कारागिराने तो जसाच्या तसा कागदावर उतरविला. पेशवाईतील पुण्याच्या बागांविषयी वर्णने पुष्कळ आहेत. पण अशी समोर बसून घेतलेली साक्ष विरळाच.

तळ्याच्या काठी नानासाहेबांनी हिराबाग बांधविली होती. तेथे मेजवान्या होत. पुढे लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज प्रवासी पुण्यास आला असता दुसऱ्या बाजीरावाने त्याचा सत्कार याच हिराबागेत केला. तळे, बेट, शिकारखाना आणि हिराबाग ही सारी एका दरबाराची शोभा होती. बागेचे वैभव मोठे, पण तिचे दार राजाच्या मर्जीने उघडणारे, अशी त्या काळची रीत होती, आणि ती एकट्या पुण्याचीच नव्हती. लखनौ असो, दिल्ली असो किंवा विलायत असो, सर्वत्र बागा प्रथम राजांसाठी झाल्या आणि प्रजेसाठी त्यांची दारे मागाहून उघडली.

इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि राजाची मर्जी संपली. त्यानंतर बागांचे नवे काम झाले ते शहराच्या पूर्वेस, लष्कराच्या बाजूला. मुळा-मुठेवर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीच्या साहाय्याने इ. स. १८५० मध्ये बंधारा बांधण्यात आला, आणि त्याच्या काठी जी बाग झाली तिला इंग्रजी नावावरून बंड गार्डन असे म्हणू लागले. नावातील बंड याचा राजद्रोहाशी काही संबंध नाही. बंध या आपल्याच शब्दाचे ते इंग्रजांच्या तोंडून परत आलेले रूप आहे. पुढे १८६९ साली तेथेच फिट्झेराल्ड पूल झाला. आज या बागेस महात्मा गांधी उद्यान असे नाव आहे. दुसरी बाग एम्प्रेस गार्डन. ही मूळची गोऱ्या सैनिकांची बाग, आणि म्हणून सोल्जर्स गार्डन असे तिचे नाव होते. पुढे महाराणी व्हिक्टोरियाच्या पदवीवरून तिचे नाव बदलले. १८३० साली स्थापन झालेल्या पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान संस्थेकडे तिची व्यवस्था आली. सुमारे ३९ एकरांच्या या बागेतील प्रचंड वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली पाहणाऱ्यास आपण शहरात आहोत याचा विसर पडतो. दरवर्षी जानेवारीत तेथे भरणारे पुष्पप्रदर्शन हा पुणेकरांच्या हिवाळ्यातील एक नेमच होऊन बसला आहे.

शहराच्या बाजूस मात्र लोकांनी आपली करमणूक आपणच उभी केली. हिराबाग दरबारातून सुटली आणि सार्वजनिक सभांच्या कामी येऊ लागली. जेथे मेजवान्या झाल्या तेथे व्याख्याने होऊ लागली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ही याच लोकजागृतीची निशाणी होय. पुढे १९०६ साली डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. खेळ ही लष्करातील साहेबाची मिरास नव्हे, शाळा-कॉलेजांतील मुलांनाही मैदान हवे, या जाणिवेतून ही संस्था निघाली. १९१९ साली जिमखान्यावर झालेल्या शर्यतींत खेड्यापाड्यांतील अनवाणी धावणाऱ्या तरुणांची चमक पाहून अध्यक्षस्थानी असलेल्या सर दोराबजी टाटा यांच्या मनात आले की, ही मुले जगाच्या शर्यतीत उतरविली पाहिजेत. त्यांच्या खटपटीने १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत हिंदी खेळाडूंचा संघ गेला. पुण्याच्या एका मोकळ्या मैदानातून देशाच्या क्रीडा-इतिहासाचा एवढा मोठा रस्ता निघाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मैदान बांधण्यास खर्च फार येत नाही. ते राखण्यास मात्र निश्चय लागतो.

इकडे पर्वतीखालच्या तळ्याची स्थिती दिवसेंदिवस केविलवाणी होत गेली. राजाश्रय गेला, गाळ साचला, पाणी उथळ झाले, आणि विसाव्या शतकात तळे बुजले. अशा वेळी शहरात काय होते हे सर्वांच्या माहितीचे आहे. पडीक जागा दिसली की तिच्यावर शंभर डोळे लागतात. आज एक भिंत, उद्या एक छप्पर, आणि परवा जागेचे मूळचे नावही कोणास आठवत नाही. पर्वतीखाली तसे झाले नाही. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि १९५३ साली तिने या जागेवर पेशवे उद्यान उघडले. जेथे पेशव्यांचा शिकारखाना होता त्याच परिसरात वाघ, सिंह, अस्वले आणि माकडे पुन्हा आली. या वेळी मात्र त्यांस पाहण्यासाठी दरबाराचे आमंत्रण लागत नव्हते. शेतकऱ्याच्या पोरानेही वडिलांच्या खांद्यावर बसून वाघ पाहावा आणि घरी जाऊन आजीस त्याची डरकाळी करून दाखवावी, एवढे हे स्थान सर्वांचे झाले. ८ एप्रिल १९५६ रोजी तेथे फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू झाली. पुणे आणि आसपासच्या गावांतील दोन-तीन पिढ्यांचा पहिला आगगाडीचा प्रवास याच रुळांवर झाला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तरीही या उद्यानाच्या कौतुकाला एक दुखरी बाजू होती. जागा थोडी, पिंजरे अरुंद, आणि भोवती वाढत्या शहराचा गोंगाट. वाघ पाहून मुलांना आनंद होई, परंतु वाघास काय वाटत असेल हा प्रश्न विचारण्याचा काळ अजून यावयाचा होता. तो काळ हळूहळू आला. साप दिसला की ठेचावा, एवढेच ज्ञान असलेल्या समाजात नीलिमकुमार खैरे या तरुणाने १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास राहून दाखविले, आणि साप माणसावर उगाच धावून येत नाही हे लोकांच्या मनावर ठसविले. त्यांच्याच प्रयत्नांनी १९८६ साली कात्रज येथे सर्पोद्यान झाले. त्याला जोडून महापालिकेने मोठे प्राणिसंग्रहालय उभारले, आणि १९९९ साली राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लोकांना खुले झाले. सुमारे १३० एकरांच्या या जागेत ४२ एकरांचे कात्रजचे तळे येते. पेशवे उद्यानातील प्राणी टप्प्याटप्प्याने तेथे हलविण्यात आले. पिंजऱ्याच्या गजांऐवजी खंदक, फरशीऐवजी माती, आणि हिंडावयास थोडी मोकळीक, असा त्यांच्या नशिबात फरक पडला. श्रोत्यांच्या एक गोष्ट ध्यानात आलीच असेल. ज्या आंबील ओढ्याच्या पाण्यावर पर्वतीखालचे तळे झाले होते, त्याच ओढ्याच्या उगमाकडील तळ्याच्या काठी पेशव्यांचा शिकारखाना दोनशे वर्षांनी जाऊन वसला.

प्राणी गेले म्हणून पायथ्याची जागा ओस पडली नाही. पेशवे उद्यानाचे ऊर्जा उद्यान झाले. पायाने चाक फिरविले म्हणजे शक्ती कशी उत्पन्न होते, हे तेथे मुलांना खेळता खेळता कळावे अशी योजना करण्यात आली. सारसबागेची हिरवळ तर पुण्याच्या घरांचे जणू बाहेरचे अंगणच आहे. दिवाळीच्या पाडव्यास पहाटे नवे कपडे घालून हजारो लोक तेथे गणपतीच्या दर्शनास जातात; पणत्यांच्या ओळी लागतात; बऱ्याच दिवसांत न भेटलेले मित्र एकमेकांस भेटतात. थंडी कडक पडली म्हणजे देवाच्या मूर्तीस लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालण्याची तेथे रीत आहे. परगावचा मनुष्य हे पाहून हसतो. पुणेकर मात्र गंभीरपणे हात जोडतो. बाहेर भेळेच्या दुकानांपाशी गर्दी असते. एकाच बाकावर निवृत्त कारकून, परगावाहून शिकावयास आलेला विद्यार्थी आणि दिवसभर दुसऱ्यांच्या घरी राबून आलेली बाई बसलेली दिसते. त्या बाकावर बसण्यासाठी कोणास काही द्यावे लागत नाही, आणि कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. पेशव्यांच्या नावेत ज्यांना कधीच जागा मिळाली नसती त्यांना येथे जागा मिळाली, ही या शहराच्या इतिहासातील सामान्य गोष्ट नव्हे.

इतके असूनही पर्वतीखालची कथा येथे सुखाने संपत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री शहराच्या दक्षिण भागात पावसाने हाहाकार उडविला. आंबील ओढ्यास अचानक लोंढा आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल या भागांत पाणी घरात शिरले, भिंती कोसळल्या, गाड्या पाण्याबरोबर वाहत गेल्या. शहर आणि परिसर मिळून वीसांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांची घरे ओढ्याला लागून होती त्यांत मोलमजुरी करणारांची संख्या मोठी होती. सकाळी चिखलातून भांडी आणि मुलांची पुस्तके वेचणारी माणसे पाहून अनेकांना प्रथमच कळले की, आपल्या घरामागे वाहतो तो नाला नसून जुना ओढा आहे आणि त्यास नाव आहे.

तळे कायम असते तर हा अनर्थ टळला असता, असे छातीठोकपणे म्हणणे बरोबर होणार नाही. अठराव्या शतकातील पुणे आणि एकविसाव्या शतकातील पुणे यांत महदंतर आहे. डोंगरउतारावरची माती सिमेंटाखाली गेली, ओढ्याची पात्रे दोन्ही बाजूंनी आवळत गेली, आणि पडेल त्या पावसाला जिरावयास जागा उरली नाही. दोष एका तळ्याच्या बुजण्यावर टाकून चालणार नाही. परंतु ज्या काळी यंत्रे नव्हती, नकाशे नव्हते, त्या काळच्या कारभाऱ्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाण्याचा रस्ता वळवावयाचा असेल तर त्यास विसाव्यासाठी दुसरी जागा द्यावी लागते. तळे म्हणजे ती विसाव्याची जागा. शहराने पुढे पाण्याची जागा माणसांस दिली हे चांगलेच झाले. पाण्यास तिच्या बदली काय दिले, एवढाच प्रश्न राहिला.

येथे परदेशातील एका बागेची हकीगत सांगणे उद्बोधक होईल. जपानमध्ये ओकायामा म्हणून शहर आहे. तेथील कोराकुएन ही बाग इकेदा घराण्याच्या सरदाराने इ. स. १७०० मध्ये पुरी केली. तीही आपल्या हिराबागेप्रमाणे सरदारासाठी आणि त्याच्या पाहुण्यांसाठी होती. १८८४ साली ती सरकारकडे आली आणि सामान्य लोकांस खुली झाली. पुढे १९३४ सालच्या महापुरात तिचे अतोनात नुकसान झाले, आणि १९४५ साली बाँबवर्षावात ती पुन्हा उद्ध्वस्त झाली. परंतु तेथील लोकांनी जुनी चित्रे आणि कागदपत्रे काढली, आणि पूर्वी जेथे जे होते तेथे ते पुन्हा बसविले. या ओकायामा शहराशी पुण्याचे मैत्रीचे नाते जुळले, आणि त्याचे प्रतीक म्हणून सिंहगड रस्त्यावर सुमारे १० एकरांची जपानी पद्धतीची बाग करण्यात आली. २००६ साली ती खुली झाली, आणि पु. ल. देशपांडे यांचे नाव तिला देण्यात आले. टेकड्यांचे हलके चढउतार, वळसे घेत जाणारे पाणी, लहानसे पूल, आणि माणसाने मुद्दाम केले आहे असे न वाटू देणारी रचना, ही तिची वैशिष्ट्ये होत. पुण्याने तिथून बाग आणली. परंतु तिच्याबरोबर आणण्यासारखी दुसरी वस्तू म्हणजे जपण्याची चिकाटी. गंगाराम तांबटाचा गेंडा सातासमुद्रापलीकडे सुरक्षित आहे. तो ज्या तळ्याच्या परिसरात चरत होता ते तळे मात्र उरले नाही.

आज महापालिकेच्या ताब्यात लहानमोठी दोनशेहून अधिक उद्याने आहेत. हे काम लहान नव्हे, आणि त्याचे श्रेय मिळावयास हवे. तथापि शहराचे खरे मोठे उद्यान कोणत्याही कुंपणात नाही. ते टेकड्यांवर आहे. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी यांवर पहाटे चढणारे लोक पाहिले म्हणजे पुण्याचा व्यायाम, करमणूक आणि वर्तमानपत्रांची चर्चा कोठे होते हे समजते. १९९७ साली शहरालगतची गावे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांपैकी २३ गावांच्या आराखड्यात डोंगरमाथे आणि उतार मिळून सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यान म्हणून राखून ठेवावी, असा विचार पुढे आला. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर २०१५ साली राज्य सरकारने हे आरक्षण मान्य केले. एवढे मोठे उद्यान करण्याचा संकल्प पेशव्यांनीही केला नव्हता. परंतु यातील पुष्कळशी जमीन खाजगी मालकीची आहे. मालकास योग्य मोबदला देऊन ती खरोखर ताब्यात घेतल्याखेरीज नकाशावरील हिरवा रंग हा केवळ रंगच राहील. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढण्याची योजना आहे. तिच्या विरोधात २०२३ च्या एप्रिलात हजारो नागरिकांनी मोर्चा काढला. वाहनांची कोंडी खरी आहे, आणि टेकडीही एकच आहे. म्हणून दोन्ही पक्षांनी शांतपणे विचार करावा असा हा विषय आहे.

दुसरी मोठी योजना नदीकाठाची. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मुळा-मुठेच्या काठांच्या सुधारणेच्या कामाची कोनशिला बसविण्यात आली. एकंदर ४४ किलोमीटरांच्या काठावर फिरण्याचे रस्ते, बागा आणि बसावयाच्या जागा व्हाव्यात असा तिचा उद्देश आहे. संगमवाडीपासून बंड गार्डनपर्यंतचा भाग आरंभी हाती घेण्यात आला. जमशेटजींच्या बंधाऱ्यापाशी जी बाग प्रथम झाली तिच्यापासूनच नव्या बागेचा आरंभ व्हावा, हा योगायोग मनोहर आहे. त्याचबरोबर जपानच्या अर्थसाहाय्याने नदीत मैलापाणी जाऊ नये म्हणून ११ शुद्धीकरण केंद्रांची योजना आखण्यात आली. या दोहोंत दुसरे काम पहिल्याहून अधिक महत्त्वाचे म्हटले पाहिजे. काठ कितीही सुंदर बांधला आणि पाण्याला दुर्गंधी असली, तर त्या काठावर कोण बसणार? काठ बांधताना पात्र आकसेल, जुनी झाडे जातील, आणि पुराच्या पाण्यास जागा उरणार नाही, अशी भीती अनेक जाणत्या नागरिकांनी बोलून दाखविली आहे. आंबील ओढ्याची रात्र ज्यांनी पाहिली त्यांची ही भीती पोकळ म्हणता येणार नाही.

या साऱ्या योजनांचा विचार करताना पर्वतीचा पायथा दोन कसोट्या हाती देतो. पहिली कसोटी जागेची. तळे गेले, शिकारखाना गेला, त्याच्या जागी आलेले प्राणिसंग्रहालयही गेले; पण जागा सार्वजनिक राहिली, म्हणून प्रत्येक पिढीला आपली चूक सुधारण्याची संधी मिळाली. पिंजरे चुकले तर ते काढता आले. तेथे एकदा इमारती उठल्या असत्या, तर चूक कळूनही उपयोग नव्हता. म्हणून नव्या उद्यानात कारंजे किती उंच उडते हे मागाहून पाहावे. जमीन कायमची मोकळी राहिली की नाही हे आधी पाहावे. दुसरी कसोटी पाण्याची. बागेत पाऊस मुरतो की तिच्यावरून वाहून जातो, आणि ओढ्यास त्याचे अंग पसरावयास जागा ठेवली आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कोणतीही सुधारणा पुरी झाली असे मानू नये. २०२१ साली आणखी २३ गावे शहराच्या हद्दीत आली. त्या गावांतून ओढे आहेत, गायराने आहेत, जुनी तळी आहेत. पर्वतीखाली जे दोन-अडीच शतकांत घडले आणि बिघडले, ते तेथे आजच ओळखता आले तर तेथील मुलांस हिरवळही मिळेल आणि पावसाळ्यातील रात्री झोपही मिळेल.

पुणेकरांच्या बोलण्यात एक जुनी खूण मात्र अजून टिकून आहे. सारसबागेतील देवाभोवती पूर्वीचे ते तळे आता नाही. कोरड्या पायवाटेने चालत जाऊन लोक त्याचे दर्शन घेतात. तरीसुद्धा जुन्या पुण्यातील आजी नातवास बोटाशी धरून निघाली आणि कोणी विचारले, कोठे चाललात, तर ती आजही सांगते, तळ्यातल्या गणपतीला. नातू आजूबाजूस पाहतो आणि विचारतो, आजी, तळे कोठे आहे? त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता येईल इतके पाणी आणि इतकी मोकळी जागा शहराने पुढच्या पिढीसाठी राखावी.